फुंकेला रस्ता करून देताना

माझे मामा नाशिकच्या पंचवटीतल्या एका बँडमध्ये तीस वर्षं क्लॅरनेट वाजवतात. लगीनसराईत त्यांना जेवायला सवड नसते, आणि आषाढी एकादशी झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत वाद्य पेटीत बंद. हे चार महिने ते रियाज करतात. गेल्या वर्षी ते सिडकोतल्या फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि तो रियाज अडला. रात्री साडेदहाला क्लॅरनेट तोंडाला लावलं की खालच्या मजल्यावरचं तान्हं बाळ उठायचं. माझ्याकडे इंदिरानगरला घरच्या घरी रेकॉर्डिंग करण्यापुरती सामग्री आहे. मी म्हटलं, "मामा, कॉम्प्युटरमधलं क्लॅरनेट वाजवून बघा. हेडफोन लावला की कुणाला त्रास नाही."

एका रविवारी ते आले. फुंकेवर चालणारा कंट्रोलर, म्हणजे वाद्यासारखं तोंडाला लावायचं पण स्वतःचा आवाज नसलेलं यंत्र, मी यूएसबीने लॅपटॉपला जोडला, सॉफ्टवेअर उघडलं. मामांनी फुंक मारली. काहीच वाजलं नाही. मी दोन-चार बटणं फिरवली, मग वाजलं, पण एकाच पातळीत. हळू फुंकलं तरी तेवढंच, जोरात फुंकलं तरी तेवढंच. त्यांनी दोन मिनिटं वाजवून कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाले, "सूर आहे रे, पण यात दम नाही."

त्यांनी नेमकं दुखणं सांगितलं होतं. दम कंट्रोलरपर्यंत पोचत होता, पुढे त्याला रस्ता नव्हता. तो रस्ता कसा करायचा, हे मला जसं उलगडत गेलं तसं इथे मांडतो. क्लॅरनेटऐवजी तुमच्याकडे बासरी, सनई किंवा सॅक्सोफोन असेल, तरी गोष्ट तीच आहे.

आधी पेटीचा भाता आठवा

कंट्रोलर आणि कॉम्प्युटर यांच्यात जे जातं तो आवाज नसतो, त्या सूचना असतात. मिडी नावाची ही पद्धत १९८३ साली बाजारात आली आणि आजही तीच चालते. बँडमास्तर हाताने खूण करतो, त्या हातातून सूर निघत नाही. वाजवणारे खूण बघून वाजवतात. मिडीचं काम तसंच. 'अमुक सूर सुरू कर', 'तो थांबव', 'फुंक आता एवढी आहे', 'सूर थोडा वर ओढ' अशा खुणा ती पाठवते. बहुतेक खुणांची मोजपट्टी ० ते १२७ अशी असते.

सूर सुरू करणारी खूण आपल्याबरोबर एक आकडा नेते, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. पट्टी किती वेगाने दाबली, हे तो सांगतो. पियानोसाठी एवढं पुरतं. हातोडी तारेवर पडली की पुढे वाजवणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही, सूर आपला आपण विरत जातो. फुंकवाद्याचं तसं नाही. तिथे सूर सुरू झाल्यावरच खरं काम सुरू होतं. तो वाढवायचा, दाबायचा, मध्येच कापरा करायचा, शेवटी अलगद सोडायचा, आणि हे सगळं क्षणाक्षणाला फुंकेने.

हे समजायला पेटीसारखं दुसरं उदाहरण नाही. पेटीत पट्टी दाबून सूर निवडला जातो, पण त्यात प्राण येतो तो भात्यातून. भाता थांबवला तर दहा पट्ट्या दाबा, आवाज येणार नाही. फुंकवाद्यांची चांगली सॉफ्टवेअर याच रीतीने बांधलेली असतात. बोटांनी येणारी सूचना म्हणजे पट्टी आणि फुंकेची सूचना म्हणजे भाता. त्या रविवारी पहिल्या फुंकेला आवाज का आला नाही, त्याचं उत्तर इथेच आहे. आमचा कंट्रोलर फुंकेची सूचना एका क्रमांकावर पाठवत होता आणि सॉफ्टवेअर भात्यासाठी दुसऱ्याच क्रमांकावर कान लावून बसलं होतं. पट्टी दाबली जात होती, भाता मात्र शून्यावर. अशी सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडणारे पुष्कळ जण इथेच अडतात आणि वस्तू बिघडली असं समजतात.

आत काय चाललेलं असतं

कॉम्प्युटरवरची फुंकवाद्यं साधारण दोन जातींची. पहिल्या जातीत खऱ्या वादकाचे सूर आधीच ध्वनिमुद्रित केलेले असतात, हळू वाजवलेले वेगळे आणि जोरात वाजवलेले वेगळे. तुम्ही वाजवता तेव्हा सॉफ्टवेअर त्यातला जवळचा नमुना उचलून लावतं. आवाज खरा असतो, पण एका नमुन्यातून दुसऱ्यात जाताना सांधा ऐकू येतो.

दुसऱ्या जातीत ध्वनिमुद्रणावर भिस्त नसते, वाद्याची नळीच गणिताने उभी केलेली असते. तोंडापाशी पत्ती, तिच्यामागे हवेचा दाब, पुढे नळी, टोकाला हवा मोकळी होते ती जागा. हवेचा हेलकावा नळीत पुढे जातो, टोकावर आपटून परत येतो, पत्तीला धक्का देतो, पत्ती पुन्हा उघडते. हे चक्र सतत फिरत राहतं आणि त्याचा सूर होतो. साधारण २० अंश तापमानाला आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो आणि कॉम्प्युटर सेकंदाला ४४,१०० वेळा हिशोब करतो. म्हणजे एका हिशोबात हेलकावा जेमतेम पावणेआठ मिलिमीटर पुढे सरकतो. ६० सेंटिमीटरच्या नळीचं एक टोक ते दुसरं टोक म्हणजे असे ७७ हिशोब. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ज्युलियस स्मिथ यांनी या पद्धतीचा पाया घातला आणि यामाहाने १९९४ साली व्हीएल-१ या सिंथेसायझरमध्ये ती आणली. आज इटलीच्या ऑडिओ मॉडेलिंग कंपनीचं स्वाम किंवा रेस्पिरो ही सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर असलं काम करतात.

मला या दुसऱ्या जातीचं प्रेम आहे आणि ते लपवत नाही. इथे फुंक कमी केली की आवाज नुसता लहान होत नाही, त्याचा पोतही बदलतो. टीव्हीवर कुणी ओरडत असेल आणि तुम्ही आवाज बारीक केला, तर ते ओरडणंच राहतं, फक्त लांबून ऐकू येतं. कुजबुज वेगळी असते. फुंक आणि व्हॉल्यूम यांत हाच फरक आहे.

आता क्रमांकांचं बघू

मिडीत या सतत बदलणाऱ्या सूचनांना कंट्रोल चेंज म्हणतात, बोलताना सीसी. प्रत्येकीला एक क्रमांक. आपल्याला त्यातले मोजकेच लागतात. सीसी १ म्हणजे कीबोर्डच्या डाव्या बाजूचं मॉड्युलेशनचं चाक. सीसी २ म्हणजे फुंक. हा क्रमांक फुंकेसाठीच राखून ठेवलेला आहे. सीसी ७ म्हणजे व्हॉल्यूम, एकदा लावून विसरायचा. सीसी ११ म्हणजे एक्स्प्रेशन, वाजवता वाजवता चढउतार करण्यासाठी. याशिवाय पट्टी दाबून धरल्यावरचा दाब सांगणारा आफ्टरटच आणि सूर वरखाली ओढणारा पिच बेंड. ह्या दोघांना सीसी क्रमांक नसतो, त्यांच्या सूचना वेगळ्या असतात.

गंमत म्हणजे फुंकेसाठी क्रमांक राखलेला असूनही सगळे तो वापरत नाहीत. स्वाम आल्या आल्या सीसी ११ वर फुंक शोधतं, कारण पायाच्या पेडलवर आणि कीबोर्डवर तो क्रमांक सहज मिळतो. म्हणून पहिलं काम एकच: कंट्रोलर कोणत्या क्रमांकावर फुंक पाठवतो ते डोळ्यांनी पाहायचं. सोबतच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. आधीच्या मालकाने काय बदललं असेल सांगता येत नाही, माझा कंट्रोलर जुना घेतलेला होता. येणाऱ्या सूचना पडद्यावर दाखवणारे मिडी मॉनिटर फुकट मिळतात. तो उघडायचा, फुंकायचं आणि कोणता आकडा हलतो ते वहीत लिहायचं. मग सॉफ्टवेअरमध्ये तोच क्रमांक द्यायचा. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये 'लर्न' अशी सोय असते. ते दाबून फुंकलं की क्रमांक आपोआप पकडला जातो.

मॉनिटर उघडल्यावर मला दुसराही घोळ दिसला. माझा कंट्रोलर एकाच फुंकेला सीसी २, सीसी ७ आणि आफ्टरटच असं तिन्ही पाठवत होता. पिंपळगावला काकांच्या द्राक्षबागेत मी ठिबकचं काम बघितलंय. एकाच पाइपावर एकामागे एक तीन व्हॉल्व्ह बसवले आणि तिन्ही अर्धे उघडले, तर शेवटच्या झाडाला एका अर्ध्या व्हॉल्व्हएवढं पाणी मिळत नाही, त्याहून कमी मिळतं. माझ्याकडे असंच काहीसं होत होतं. हळू फुंकलेला सूर दोन-दोनदा कापला जाऊन नाहीसा व्हायचा, मग तो ऐकू यावा म्हणून मी दुसरीकडून आवाज वाढवला होता, आणि त्यात सगळं सपाट झालं. फुंकेला एकच रस्ता द्या. बाकीचे दोन कंट्रोलरमध्येच बंद करा. पाच टाचण्यांची जुनी मिडी केबल वापरत असाल तर आणखी एक कारण आहे. त्या केबलवर एक सूचना जायला सुमारे एक मिलीसेकंद लागतो, त्यामुळे नको असलेल्या सूचनांची गर्दी झाली की हवी असलेली मागे राहते.

फुंकेचं माप

हा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच घाईत उरकला जातो. घाई करू नका.

मामांचं वाजवणं रस्त्यावरचं. वरातीत शेजारी नाशिक ढोल वाजत असताना क्लॅरनेटला त्याच्यावर आवाज काढायचा असतो. त्यांच्या छातीला तीस वर्षं त्याची सवय. कंट्रोलर मात्र कारखान्यातून निघतानाच बेताच्या फुंकेवर बसवलेला होता. मॉनिटरवर बघितलं तर मामांच्या निम्म्या फुंकेलाच आकडा १२७ वर जाऊन थांबायचा. त्यापुढे त्यांनी कितीही जोर लावला तरी कंट्रोलरला तो दिसत नव्हता. 'हळू फुंकलं तरी तेवढंच, जोरात फुंकलं तरी तेवढंच' याचा उलगडा असा झाला. त्यांची हळू फुंकसुद्धा माझ्या जोरातल्या फुंकेएवढी होती.

माप असं लावलं. आधी कंट्रोलर तोंडात नुसता धरायचा, फुंकायचं नाही. आकडा शून्य हवा. तीन-चारवर रेंगाळत असेल तर वाजवून थांबल्यावरही मागे एक बारीक सूर लोंबकळत राहतो. कंट्रोलरमध्ये थ्रेशोल्ड म्हणजे उंबरा असतो, तो शून्य मिळेपर्यंत वाढवायचा. फार वाढवलात तर कोवळी सुरुवात हरवते, म्हणून जेवढा लागेल तेवढाच. मग नेहमीच्या जोमदार फुंकेने एक लांब सूर धरायचा आणि आकडा ११५ ते १२०च्या आसपास येईल असा गेन, म्हणजे तेवढ्याच फुंकेला आकडा किती चढावा त्याचं प्रमाण, लावायचा. वरची जागा राखून ठेवायची, ती एखाद्या ठाशीव सुरासाठी कामी येते. मामांसाठी गेन इतका खाली आणावा लागला की मग मला त्या सेटिंगवर वाजवणं जमेना. म्हणूनच दुसऱ्याची सेटिंग जशीच्या तशी उचलू नये. फुंक ज्याची त्याची असते.

आता कर्व्ह, म्हणजे फुंक वाढेल तसा आकडा कसा चढतो ती रेषा. उंबरा आणि शिखर ठरलं, पण मधला चढ कसा असावा हे उरतं. ते तपासायला आम्ही एक चाल वापरली. आठ मात्रांचा ठेका लावायचा आणि एकच सूर न ऐकू येण्यापासून पूर्ण आवाजापर्यंत समान वाढवत न्यायचा. पहिल्या दोन मात्रांतच आवाज उसळून पुढे नुसता तिथेच राहत असेल, तर कर्व्ह सुरुवातीला खाली वाकवायचा. सहाव्या मात्रेपर्यंत काही घडतच नसेल तर वर उचलायचा. मामांना खाली वाकवलेला कर्व्ह मानवला. त्यांना हळू वाजवण्याच्या पट्ट्यात जास्त जागा हवी होती. खुल्या रस्त्यावर कधी मिळाली नव्हती ना ती.

यात एक खबरदारी. कर्व्ह कंट्रोलरमध्ये असतो, रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लावता येतो आणि वाद्याच्या सॉफ्टवेअरमध्येही असतो. कुठल्या तरी एकाच जागी वाकवा, बाकी दोन सरळ रेषेत ठेवा. नाहीतर महिन्याभराने काही बिघडलं तर कुठे शोधायचं ते कळणार नाही.

आणि हो, १२८ पायऱ्या अगदी संथ चढणाऱ्या सुराला कधी कधी कमी पडतात, पायऱ्या कानाला जाणवतात. चांगलं सॉफ्टवेअर त्या घासून गुळगुळीत करतं. काही कंट्रोलर सीसी २च्या जोडीला सीसी ३४ वापरून बारीक पायऱ्या पाठवतात. दोन्हीकडे सोय असेल तर चालू करा, नसेल तर अडून बसू नका.

बोटांची पंचाईत

फुंक जमली तशी मामांची बोटं अडखळायला लागली. हे मला अपेक्षित नव्हतं. कारण क्लॅरनेटच्या स्वभावात आहे. बासरी दोन्ही टोकांना मोकळी असते, क्लॅरनेटची नळी पत्तीच्या टोकाला बंद असल्यासारखी वागते. म्हणून साधारण तेवढ्याच लांबीची असूनही क्लॅरनेट बासरीपेक्षा जवळपास एक सप्तक खाली उतरतं. आणि वरच्या पट्ट्यात उडी मारताना ती उडी एका सप्तकाची नसते, सप्तक अधिक पाच सुरांची, म्हणजे सा वरून थेट वरच्या सप्तकातल्या पंचमावर जाते. त्यामुळे क्लॅरनेटवाल्याला खालच्या आणि वरच्या पट्ट्यात त्याच बोटांना वेगळे सूर मिळतात. कंट्रोलरवर बोटं बहुधा सॅक्सोफोन-बासरीच्या वळणाची असतात. प्रत्येक सप्तकात तीच बोटं, सप्तक बदलायला अंगठ्याखाली वेगळी कळ किंवा गोल रूळ. मामांचा अंगठा तीस वर्षांच्या सवयीने कळ दाबायचा आणि सूर भलताच निघायचा. याला सेटिंग नाही, सरावच. त्यांना दोन आठवडे लागले.

सा कुठे ठेवायचा हे मात्र सेटिंगने सुटतं. बँडचं क्लॅरनेट बी-फ्लॅटचं. वादक पांढरी एकची बोटं ठेवतो आणि ऐकू येते काळी पाच. कंट्रोलरला हे माहीत नसतं. ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर एकदम सरकवण्याची सोय, कोमल-तीव्र धरून दोन स्वर खाली केला की मामांची बोटं आणि कान एकमेकांना ओळखू लागले.

मींड

सूर ओढण्याची सूचना म्हणजे पिच बेंड, ही मिडीतली सर्वांत बारीक पायऱ्यांची सूचना. १२८ नाही, १६,३८४ पायऱ्या. कंट्रोलरनुसार ती ओठाच्या दाबाने किंवा अंगठ्याने दिली जाते. घोळ होतो तो पल्ल्यात. कंट्रोलर फक्त 'पूर्ण वर ओढ' एवढंच सांगतो. पूर्ण म्हणजे किती, ते सॉफ्टवेअर ठरवतं. बहुतेक ठिकाणी ते वर-खाली दोन-दोन स्वर असतं, कोमल-तीव्र धरून मोजलेले. पाश्चात्त्य वाजवण्याला ते पुरतं. आपल्याला गंधारापासून पंचमापर्यंत मींड घ्यायची तर तीन स्वर लागतात, त्याहून मोठीही लागते.

मी पल्ला आधी बारा केला. मींड झाली, पण ओठ नुसता हलला तरी सूर ढळायचा. शेवटी पाचवर स्थिरावलो. पल्ला मोठा करायचा असेल तर कंट्रोलर खरोखर बारीक पायऱ्या पाठवतो का ते मॉनिटरवर बघा. एखादा स्वस्त सेन्सर फक्त १२८ पायऱ्याच पाठवत असेल, तर बारा स्वरांच्या पल्ल्यावर एकेक पायरी जवळपास १९ सेंटची होते. दोन लगतच्या स्वरांमध्ये १०० सेंट असतात आणि प्रमाण श्रुती साडेएकवीस सेंटांची. म्हणजे एकेका पायरीत जवळजवळ एक श्रुती उडून जाते, आणि मींडेऐवजी जिना ऐकू येतो.

याच ओघात व्हायब्रेटो. सीसी १ वर बहुतेक सॉफ्टवेअर आपोआप होणारा कंप ठेवतात. तो मी सरळ शून्यावर आणून बंद केला. प्रत्येक लांब सुराला सारख्याच वेगाचा कंप लागला की आपलं संगीत परकं वाटायला लागतं. दरबारीतला कोमल गंधार जसा आंदोलित होतो तसा यंत्राला आपसूक येणार नाही. तो ओठानेच द्यायचा.

तानपुरा लावून वाजवलं तर शुद्ध गंधार जरा चढा वाटेल. तो भास नाही. कॉम्प्युटर सप्तकाचे बारा सारखे भाग करतो, आणि तानपुऱ्यातून उमटणारा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट खाली असतो. सर्ज एक्सटी हा फुकट मिळणारा सिंथेसायझर स्काला पद्धतीच्या फाइलमधून स्वरस्थानं बदलू देतो, फुंकेची सूचनाही ओळखतो. त्याची नळी काही खऱ्यासारखी नाही, पण पैसे न घालता हे सगळं शिकून घ्यायला तो उत्तम. जिथे अशी सोय नाही तिथे मामा गंधारावर ओठ किंचित सैल सोडतात, जसे खऱ्या क्लॅरनेटवर सोडतात.

राहिलेली किरकोळ कामं

व्हेलॉसिटीची निकड फुंकवाद्यात कमी. कंट्रोलर फुंकेच्या सुरुवातीवरून ती मोजतो आणि मोजायला क्षणभर थांबतो. तो थांबा वाजवणाऱ्याला जाणवतो. ती एका आकड्यावर पक्की केली तर सूर चटकन निघतो. मात्र सॉफ्टवेअर तिच्यावरून सुराची सुरुवात किंवा दोन सुरांमधली घसरण ठरवत असेल, तर वाजवून बघून ठरवा. वाद्य एका वेळी एकच सूर वाजवेल अशा मोनो आणि लेगॅटो पद्धतीवर ठेवा, म्हणजे न तोडता फुंकलेले सूर जोडलेले येतात आणि जीभ लावली तेव्हाच तुटतात.

फुंकल्यावर आवाज यायला उशीर होत असेल तर ऑडिओचा बफर बघा, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी कॉम्प्युटर किती हिशोब साठवतो ते. १०२४चा बफर म्हणजे सुमारे २३ मिलीसेकंद, जणू तुमचंच वाद्य आठ मीटरवरून ऐकू येतंय. लांबलचक वरातीत शेवटचा ढोल मागे पडल्यासारखा वाटतो, तो याच कारणाने. १२८वर आणला तर हे अंतर एका मीटरवर येतं. विंडोजवर त्यासाठी एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे हा उशीर कमी ठेवणारं जोड-सॉफ्टवेअर, लागतो. आणि ब्लूटूथचे हेडफोन या कामाला चालत नाहीत, वायरचेच घ्या.

रेकॉर्डिंग करताना गाणं मधूनच सुरू केलं तर कधी कधी वाद्य गप्प बसतं. त्या क्षणाआधीचा फुंकेचा आकडा सॉफ्टवेअरने वाचलेलाच नसतो. मागचा विराम शोधून तिथून सुरू करा, किंवा आधीच्या सूचना वाचून घेण्याची सोय चालू करा. सूर मात्रेवर सरकवलेत तर फुंकेच्या रेषाही सोबत सरकल्या का ते बघा, नाहीतर फुंक एकीकडे आणि सूर दुसरीकडे. कंप्रेसर नको. आपण मेहनतीने मिळवलेले चढउतार तो दाबून टाकतो. थोडी खोली मात्र लागते. गणितातून निघालेला सूर अगदी कोरडा असतो. गोदाघाटावर उघड्यावर वाजवलेलं क्लॅरनेट आणि कालिदास कलामंदिरात वाजवलेलं, यातला फरक ज्याने ऐकलाय त्याला किती रिव्हर्ब म्हणजे घुमारा द्यायचा ते सांगावं लागत नाही.

फुंकेचा कंट्रोलर नसेल तर नळी तोंडात धरून फुंकायचा वेगळा सेन्सर मिळतो, बोटं साध्या कीबोर्डवर. यामाहाने १९८०च्या दशकात डीएक्स-७ सोबत हीच सोय दिली होती. पेटी वाजवणाऱ्यांना ही जोडी फार लवकर जमते. पेडल किंवा मॉड्युलेशनचं चाक यांनीही भाता चालतो, पण पाय आणि बोटं जिभेइतकी चपळ नाहीत. अकाई ईडब्ल्यूआय किंवा रोलंड एरोफोन असा फुंकेचा कंट्रोलर घेणार असाल तर आधी तोंडाला लावून बघा. ईडब्ल्यूआयच्या कळा दबत नाहीत, स्पर्शावर चालतात. खऱ्या कळांवर बोटं टेकवून ठेवण्याची सवय असलेल्याला ते जड जातं.

कार्तिकात नाशिकची थंडी सुरू झाली आणि आणखी एक गोष्ट समोर आली. सुरू करताना लावलेला शून्य दहा-पंधरा मिनिटांनी ढळायचा. थंड नळीत गरम श्वासाचं पाणी धरतं, सेन्सरही हळूहळू गरम होतो. आता मामा आधी दहा मिनिटं नुसते लांब सूर धरतात, नळी झटकून कोरडी करतात आणि मग शून्य पुन्हा तपासतात. खऱ्या क्लॅरनेटची पत्ती ते जशी आधी ओली करून घेतात, तसंच हेही झालंय.

त्यांच्या कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवलाय. फुंक सीसी २, आफ्टरटच बंद, सीसी ७ शंभरवर, सीसी १ शून्य, बेंड पाच, ट्रान्सपोज उणे दोन, बफर १२८. गेनचा आकडा तेवढा पेन्सिलीने लिहिलेला आहे. तुळशीच्या लग्नानंतर पहिली सुपारी वाजवून आले त्या रात्री त्यांनी तो खोडून आणखी दोनने खाली आणला.